लाल फुग्याच्या निमित्ताने ताईंना पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

बालवाडीत सिनेमा दाखवणार, असं तुम्ही पालकसभेत सांगितलंत तेव्हा बरीच कुजबुज झाली होती. घरी मोबाइल सोडवता सोडवता नाकीनऊ येतात, त्यात वर्गातही पडदा? तुम्ही शांतपणे सांगितलंत, की दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते बरोबरच आहे. आपण थोडंसंच बघू आणि आठवडाभर ते खेळू. त्या खेळण्यातून आमच्या लेकीला काय मिळालं, ते सगळ्यांना कळावं म्हणून हे पत्र.

तुम्ही निवडलात 'द रेड बलून'. आल्बेर लामोरिस यांचा 1956 चा फ्रेंच सिनेमा, जेमतेम 34 मिनिटांचा. दिव्याच्या खांबाला अडकलेला लाल फुगा एका मुलाला सापडतो आणि मग तो फुगा त्याच्या मागे मागे पॅरिसभर फिरतो. संवाद जवळजवळ नाहीतच. मला वाटतं, तुमची खरी हुशारी या निवडीत आहे. बोलणारं कोणी नसल्यामुळे बोलायचं काम मुलांवर आलं. तुम्ही मध्येच चित्र थांबवायचात आणि विचारायचात, "आता तो फुग्याला काय म्हणाला असेल?" याच सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं आपापली वाक्यं आयत्या वेळी रचायची. आपल्या गावाला ही रीत नवी नाही!

आमची लेक घरी अखंड बडबडते, वर्गात मात्र तोंडाला कुलूप. ते उघडलं बसच्या खेळात. त्या दिवशी मदतीला मी वर्गात होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. सिनेमात कंडक्टर त्या मुलाला फुग्यासकट आत घेत नाही. तुम्ही खुर्च्या एकामागे एक मांडून सांगली-मिरज बस केलीत, तिकिटं जुन्या कॅलेंडरच्या कागदाची. कंडक्टर झालेला पोरगा "मिरज, मिरज, मिरज!" करत दारात उभा, आणि प्रत्येकाला बजावतोय, "फुगा घेऊन चढायचं नाही." कुणी फुगा तुमच्याकडे ठेवून चढलं, कुणी पाठीमागे लपवला. आमची लेक थांबली, फुग्याकडे बघितलं आणि चांगलं खणखणीत म्हणाली, "मग मी चालत जाते. विश्रामबागपर्यंत."

तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत की शाबासकी दिली नाहीत. एवढंच विचारलंत, "आणि वाटेत पाऊस आला तर?"

"छत्री मागीन."

लगेच दोन मुलं हात वर करून छत्री झाली आणि तिघांची वरात वर्गाला फेरी मारून आली. त्या क्षणी कौतुक केलं असतं, तर ती लाजून पुन्हा गप्प झाली असती. चार वर्षांच्या मुलांची ही नस तुम्हाला किती नेमकी सापडली आहे!

फुगे उडवण्याचा प्रयोगही छान झाला. एक फुगा तोंडाने फुगवलेला, एक हेलियमचा. हायड्रोजन पेट घेतो म्हणून तुम्ही खात्री करूनच फुगा आणलात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा कुणाच्या घशात अडकू नये म्हणून प्रत्येक तुकडा स्वतः वेचलात. दुसऱ्या दिवशी छताला टेकलेला फुगा खाली उतरलेला दिसला, तेव्हा मुलं म्हणाली, "तो दमला." आतला हेलियम हळूहळू निसटतो, हे तुम्ही त्यानंतर सांगितलंत, आधी नाही.

आणि आपली हळद! कागदावर हळदीच्या पाण्याने गोल फुगे रंगवायला लावलेत, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेला कापूस त्यावर टेकवायला दिलात. पिवळा फुगा बघता बघता तांबडा. भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद आमच्या मुलांना अशी भेटली. आता लेक आमटीतही सोडा टाकून बघायला निघते.

सिनेमातला फुगा शेवटी पोरं फोडतात. तो भाग तुम्ही गाळला नाहीत, याबद्दल विशेष आभार. एक मुलगा रडला, तुम्ही त्याला जवळ घेऊन बसलात, "काही नाही झालं" असं म्हटलं नाहीत. मग पॅरिसभरचे फुगे त्या मुलाकडे धावत आले आणि सगळे मिळून रंगांची नावं घेऊ लागले. दुःखालाही वर्गात जागा असते, हे मला माझ्या शाळेत कधी दिसलं नव्हतं.

पुढच्या वेळी हळद आमच्याकडून घ्या, घरच्या शेतातली आहे. सासरे एसटीत कंडक्टर होते. त्यांची चामड्याची जुनी पिशवी त्यांनी मुलांच्या बससाठी काढून ठेवली आहे. सोमवारी लेकीबरोबर पाठवते.

आपली,
वर्गातल्या एका मुलीची आई
सांगली