अण्णांच्या पत्रावरची तारीख

देवगड,
जून २०२५

चि. मंगेश यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या कॅनडाच्या अर्जावरून बोलणं निघालं आणि तू रागाने फोन ठेवलास. "तुला मी जायलाच नकोय, म्हणून नियम काढून बसतेस," असं म्हणालास. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. फोनवर आपलं दोघांचंही पूर्ण बोलून होत नाही, म्हणून लिहिते आहे. स्मिता हे टाइप करून पाठवणार होती, पण मीच म्हटलं, राहू दे, हाताने लिहिते आणि कुरियरने पाठवते. सोबत अण्णांनी तुझ्या कामाच्या अनुभवाचं दिलेलं पत्रही द्यायचंच आहे.

तर अण्णांचं पत्र. मी स्वतः बंदरावर गेले होते. १ जूनपासून मासेमारीला बंदी, त्यामुळे सगळ्या होड्या वर ओढलेल्या आणि अण्णांच्या शेडमध्ये कामाची झुंबड. दोन विंच उघडून पडल्या होत्या, एका ट्रॉलरचा रडर तसाच टेकून उभा होता. तरी हात पुसून, खुर्ची देऊन त्यांनी मला बसवलं. म्हणाले, "बाई, मंगेशचा हात परत कोणाक इलो नाय." मला फार बरं वाटलं. तुझ्या जागी त्यांच्याकडे दोन पोरं येऊन गेली. एकाला उभं वेल्डिंग जमत नाही, दुसरा काच न धरताच रॉड पेटवतो.

पत्र त्यांनी लेटरहेडवर दिलं आहे. तू काय काम करायचास, आठवड्याला किती तास, पगार किती, सगळं सविस्तर आहे. खाली सही, शिक्का आणि फोन नंबर. तारखा ऑगस्ट २०१४ ते मार्च २०१९. त्या तुझ्या एजंटला हव्या आहेत तशा २०२२ पर्यंतच्या नाहीत. अण्णांना मी तसं विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर त्यांनी माझ्या शब्दाखातर कदाचित लिहूनही दिलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

थांब, लगेच चिडू नकोस. मी काय वाचलं ते आधी ऐक. स्मिताला बसवून कॅनडा सरकारची साइट सगळी वाचून घेतली. दोन संध्याकाळी गेल्या. कारागिरांसाठीचा जो मार्ग आहे, त्याला शिक्षणाची अट नाही. आयटीआयचं सर्टिफिकेट नसलं तरी चालतं, पण अर्ज करायच्या आधीच्या पाच वर्षांत त्याच कामाचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. बंदरावरचं तुझं काम त्या पाच वर्षांच्या बाहेर पडतं. आखातातले ते महिनेही बाहेर पडतात, कारण लॉकडाउन लागताच तू परत आलास. मग २०२३ पर्यंत तू इथे आपल्या आंब्याच्या कलमांत होतास आणि जमेल तशी किरकोळ कामं करत होतास. म्हणजे मोजायचं ते पुण्याचं काम. ते नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालं, म्हणजे या नोव्हेंबरात दोन वर्षं भरतात. दिवाळी झाली की भरलीच! आणि एवढ्यासाठी तो माणूस तुला अण्णांच्या पत्रावरची तारीख बदलायला सांगतो?

तो तुला भीती घालतो ती तिशीची. श्रावणात तू तीस पूर्ण करतोस आणि ज्या गुणांवर तिकडे अर्ज निवडतात, त्यातले वयाचे गुण कमी होतात, हे खरं आहे. पण किती, ते त्याने सांगितलं का? लग्न न झालेल्याला एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ११० गुण आणि तिसाव्या वर्षी १०५. बाराशेपैकी पाच गुण गेले. आणि खोटी तारीख सापडली तर पाच वर्षं त्या देशात पाऊल टाकायला बंदी. तीही कोणाला, तर तुलाच. एजंट दुसरं गिऱ्हाईक बघेल.

उलट खऱ्या पत्राचा उपयोग बघ. त्या गुणांच्या यादीत कॅनडाबाहेरच्या अनुभवाला वेगळे गुण आहेत आणि तिथे मागची दहा वर्षं धरतात. तिथे बंदरावरचं काम चालतं. तीन वर्षं किंवा जास्त अनुभव असेल आणि इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत सहा असतील, तर २५ गुण वाढतात. पाच गेले तरी पंचवीस येतात. मागच्या खेपेला तुला ऐकण्यात साडेपाच, बोलण्यात पाच, वाचण्यात पाच आणि लिहिण्यात साडेचार मिळाले. या मार्गाच्या किमान अटीला ते पुरतात. पण तेवढ्यावर थांबायचं कशाला? तुझं इंग्रजी लिहिणं कच्चं राहिलं ते सातवीपासून, तेव्हा तू माझ्याच वर्गात होतास आणि मला बाई म्हणायला लाजायचास.

दुसरा एक मोठा मार्ग आहे, कुशल कामगारांचा. तोही स्मिताने बघितला. त्यात शंभरपैकी ६७ लागतात. तिने तुझी बेरीज केली, पण ती होत नाही. म्हणून त्याच्या नादी लागू नकोस आणि एजंट त्याबद्दल काही सांगायला लागला तर त्याच्याकडून बेरीज लिहून माग.

आता एजंट नोकरीच्या पत्राचे मागतो त्या आठ लाखांचं. कारागिराच्या मार्गाला एक तर तिकडची वर्षभराची पूर्णवेळ नोकरी हातात लागते, नाही तर तिथल्या एखाद्या प्रांताने घेतलेल्या परीक्षेचं सर्टिफिकेट. ही अट खरी आहे आणि तुला सर्वांत जड जाणार आहे ती हीच, दोन वर्षांची नाही. म्हणून तो नोकरीचं पत्र विकायला बसला आहे. या वर्षी २५ मार्चपासून नोकरीच्या पत्राचे जादा गुण त्यांनी काढूनच टाकले. अटीपुरतं ते अजून लागतं, पण अटीपुरतं खोटं पत्र घेऊन तू विमानात बसलास आणि तिथे उतरल्यावर त्या पत्त्यावर कोणी नसलं तर? बाबा मला म्हणाले, खालच्या अंगाची कलमं विकायला काढूया. हे तुला कळू द्यायचं नव्हतं, पण लिहिते. ज्या माणसाने पेट्यांवर कोणी कर्नाटकाचा आंबा देवगड म्हणून भरला तर चार दिवस जेवणावर राग काढला, तो आपल्या झाडांचे पैसे अशा पत्रासाठी द्यायला निघाला होता. तुझ्यासाठी म्हणून. तारखेचं मात्र त्यांना सांगितलं तेव्हा लगेच म्हणाले, "खोटो कागद आमच्याकडसून जावचो नाय." एवढंच बोलले आणि पंप बघायला गेले.

पुन्हा तारखेवरच आले बघ. ठरवलं होतं की एकदाच लिहायचं.

पण मी तरी काय करू? तीस वर्षं शाळेत दाखले लिहिले. गावात मुलांच्या जन्मतारखा नसायच्या, तेव्हा आमच्या आधीच्या मास्तरांनी सरसकट १ जून टाकली. आपल्या बाबांचीसुद्धा १ जून आहे. आजी सांगायची, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झाला. ती एक तारीख त्यांना जन्मभर पुरली, पासबुकात तीच, आधारला तीच. नंतर लोक माझ्याकडे यायचे, बाई, दोन वर्षं पुढे करा, भरतीत बसेल. जनरल रजिस्टरात एकदा चढलेलं खोडता येत नाही, हे मी त्यांना सांगायचे आणि घरी आल्यावर वाईट वाटायचं, कारण पोरं खरंच गरजू होती. आज माझा स्वतःचा मुलगा तेच मागतो आहे, तेव्हा मला किती जड गेलं असेल ते समजून घे.

आणि आजोबांची ट्रंक तर तू उघडलेली आहेस. लालबागहून ते १९८२ च्या संपानंतर परत आले, तेव्हा त्यात कपडे कमी आणि कागद जास्त होते. गिरणीचं तिकीट, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, रजेचा पास. आजी चिडायची, हे कागद काय चुलीत घालायचे? पण पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ ला कामावर असल्याचा पुरावा मागितला, तेव्हा वाडीतल्या कितीतरी जणांकडे काहीच नव्हतं आणि आपल्याकडे सगळं होतं. घर अजून लागलं नाही, ते सोड. पण नाव यादीत आहे आणि त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. त्यांच्या नातवाचा अर्ज परदेशात जाणार, तोही तसाच जायला हवा.

तू म्हणशील, शाळा सुरू झाली. झालीच. माफ कर.

मला तुझी ती पहिली रात्र आठवते. आयटीआयचं वर्ष संपून तू नुकता अण्णांकडे लागला होतास. दिवसभर रॉडकडे बघून रात्री डोळे सुजले, उघडता येईनात, वाळू गेल्यासारखं खुपत होतं म्हणून तू ओटीवर तळमळत होतास. आजी बटाट्याच्या चकत्या ठेवत होती आणि बाबा म्हणत होते, दुसरं काम बघू. तुझं एकच चाललं होतं, "उद्या जायचंय मला." पहाटे उठून गेलास, डोळे लाल. आठवड्याने शाळेच्या फाटकाचा तुटलेला बिजागर जोडून दिलास. वरची काळी खपली हातोडीने पाडून ब्रश मारलास आणि मला वाकून बघायला लावलंस, ओळ कुठे मोडली नाही ते. ती आजही मोडलेली नाही. शाळेला नवा रंग दिला, फाटक तेच आहे. तिथून जाताना मी नव्या बाईंना सांगते, हे माझ्या मुलाचं काम.

म्हणूनच तुझं काम असं असताना कागद खोटा का, हे मला पटत नाही. तुला ज्याची गरज नाही ते तू करतो आहेस. बाकी कोणी पोरगा असता तर मी कदाचित गप्प बसले असते.

आता तुझ्या त्या वाक्याबद्दल. मला तू जायला नको आहेस का? आजोबा मुंबईला गेले, काका मस्कतला गेले, तू आखातात गेलास. या घरातून माणूस जातो आणि गणपतीला येतो, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. पण मुंबईला गेलेला येतो हे माहीत होतं. आखातातला येतोच, तिथे राहू देत नाहीत. तिकडचं तसं नाही. स्मिताने वाचून दाखवलं की कायमचा परवाना टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहावं लागतं. मी लगेच मनात हिशेब केला, म्हणजे उरलेले दिवस तू इथेही राहू शकतोस. स्मिता हसली नाही, गप्प बसली. मला कळतं रे. नोकरी असलेला माणूस तीन वर्षं इथे येऊन बसणार नाही. भीती वाटते ती वाटतेच, ती मी लपवत नाही. तुझे बाबा पासष्टीला आले, माझा गुडघा पावसात जास्त दुखतो. पण त्या भीतीपायी मी नियम शोधत बसले असते, तर नोव्हेंबरात भरतात हे मी तुला सांगितलंच नसतं. मी तुला जायचा रस्ता सांगते आहे. फक्त तो खऱ्या तारखेने जा.

आणि तिथून परत पाठवलेला मुलगा मला बघायचा नाही. वाडीत काय म्हणतील याची मला पर्वा नाही, तुझ्या तोंडावर ते काय दिसेल याची आहे.

एजंटशी अजून करार झाला नसेल तर एक कर. तिथे सल्लागारांना परवाना लागतो. त्यांची अधिकृत संस्था आहे, तिच्या यादीत नाव शोधता येतं. याचं नाव आणि परवाना नंबर माग. देत नसेल तर त्याला दिलेले पंधरा हजार गेले असं समज. आपण तेवढ्याने बुडत नाही.

पिशवीत आमसुलं आहेत, फणसाची साठं आहेत आणि तळलेले फणसाचे गरे डब्यात वेगळे बांधले आहेत. खोलीतल्या पोरांना दे. अण्णांचं पत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं आहे, दोन प्रती आहेत, एकीवर निळ्या शाईची सही आहे ती मूळ, तिची घडी घालू नकोस. पोलिसांचा दाखला लागेल तेव्हा पासपोर्ट ऑफिसकडून घ्यायचा असतो. इथल्या पत्त्यावर चौकशीला कोणी आलं तर बाबा घरीच असतात. तुझ्या पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं वेगळं आहे, ते आत्ताच बघून ठेव.

रोज एक पान इंग्रजीत लिही, कामाबद्दलच लिही, आज काय जोडलं, कसं जोडलं. फोटो काढून मला पाठव, मी लाल पेनाने तपासून परत पाठवते.

पुण्याच्या कंपनीचं पत्र मागितलंस का? आठवड्याचे तास आणि वर्षाचा पगार त्यात लिहून घे, नुसतं "वेल्डर म्हणून काम केले" चालत नाही. काम सोडल्यावर देतो म्हणाले तरी आत्ताच माग, नोव्हेंबरात पुन्हा नव्या तारखेचं घेता येईल.

तुझी,
आई