पावतीवर नाव आईचं

प्रिय मॅडम, सप्रेम सलाम.

मागच्या आठवड्यात आईचं बायबल बाइंडिंगला द्यायला काढलं, पानं पार सुटली होती, तर स्तोत्रसंहितेतून तुमची ती फीची पावती खाली पडली. म्हणजे तुमची कसली, आईचीच. १९९१ ची. शाई उडालीय पण नाव वाचता येतंय. तेव्हापासून डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलो, खरं तर तेव्हाच लिहायला पाहिजे होतं.

तुमच्या लक्षात आहे का माहीत नाही. नगरला बी.ए. झालो, डॉ. हिवाळ्यांनी १९४७ ला काढलेल्या कॉलेजात, आणि बी.डी.ला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकायला, पुण्याला बिबवेवाडीच्या सेमिनरीत यायचं ठरलं. डिग्री सेरामपूरची मिळणार म्हणून गावात सांगितलं तर सगळ्यांनी श्रीरामपूर ऐकलं, चुलते म्हणाले अरे एसटीने जाऊन येऊन करशील की, पुण्याला हॉस्टेलचा खर्च कशाला! आता ते बंगालमधलं हुगळीकाठचं कॉलेज, १८१८ ला कॅरी, मार्शमन, वॉर्ड या मिशनऱ्यांनी काढलं, १८२७ ला डेन्मार्कच्या राजाने त्याला डिग्र्या द्यायची सनद दिली, हे चुलत्यांना कुठं सांगत बसू. बंगाली लोक त्याला श्रीरामपूरच म्हणतात हे मला नंतर कळलं, म्हणजे चुलते अगदीच चुकले नव्हते.

फीसाठी आधी एका कमिटीकडे गेलो होतो. नाव घेत नाही, आपलीच माणसं. दोन साहेब जीप घेऊन घरी आले, मला पत्र्याच्या भिंतीपुढं उभं केलं आणि फोटो काढायच्या आधी एक जण म्हणाला चप्पल काढ. नवी चप्पल होती, मामाच्या लग्नात घेतलेली. काढली. फोटो अमेरिकेला गेला असेल, रिपोर्टमध्ये छापून पण आला असेल, मला मात्र पुढं एक कार्डसुद्धा आलं नाही. अनवाणी उभा राहिलो ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

मग आईने दोन शेळ्या विकल्या, नऊशे रुपये आले, ते रुमालात बांधून मी तुमच्यासमोर ठेवले आणि बाकीचं नंतर देतो असं काहीतरी पुटपुटलो. तुम्ही चौकशी केली नाही, अर्ज मागितला नाही, साक्ष द्यायला उभं केलं नाही. उठलात आणि माझ्याबरोबर ऑफिसात आलात, बाकीचे पैसे पर्समधून काढून त्या नऊशेच्या खाली ठेवलेत. क्लार्कने विचारलं पावती कुणाच्या नावे करू, मिशनच्या का तुमच्या? तुम्ही माझ्याकडे वळून आईचं नाव विचारलंत. पूर्ण, आडनावासकट. आणि तुमच्या त्या मोडक्या मराठीत म्हणालात, "पहिला पैसा शेळीचा आला. मी मागून आली."

क्लार्क हसला. मी नाही हसलो.

मॅडम, फी काय, कुणीतरी भरली असती कदाचित. पण आईचं नाव छापील कागदावर तोपर्यंत फक्त रेशनकार्डात होतं, आणि तिथंही वडिलांच्या खाली. पावती घरी नेली तर तिने बोट ठेवून दोनदा वाचली आणि म्हणाली, सगळे पैसे मीच भरले असं लिहिलंय की रे, हे खोटं नाही का?

नंतर शिकताना कळलं, कॅरीसाहेबांनी १८०५ ला मराठीचं व्याकरण काढलं त्यामागे वैजनाथ पंडितांची मदत होती. कॅरींचा फोटो आमच्याकडे कितीतरी जणांच्या घरी आहे, वैजनाथांचं नाव पाळकांनासुद्धा विचारून बघा. मिशनच्या कामात हे असंच चालत आलंय, पाटीवर देणाऱ्याचं नाव आणि ज्याने जीव ओतला तो फोटोत मागच्या रांगेत. तुम्ही उलटं केलंत आणि त्याचा गाजावाजा केला नाहीत. अशी माणसं असतात म्हणून आमच्यासारखे चार बुकं शिकले, नाहीतर कमिट्यांच्या जीवावर काय होतंय!

बायबल काल परत आलं. नवं काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. आईने कव्हरकडे बघितलंसुद्धा नाही, आधी विचारलं पावती कुठाय. काढून दिली तर चष्मा लावून सगळी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, यात मडमचं नाव कुठंच नाही की रे, लिही कुठंतरी.

म्हणून हे.

तुमचा,
शेळीवाला विद्यार्थी