अडीच पानं

धरणगाव,
14 डिसेंबर

प्रिय मित्रा,

दिवाळीचं पत्र राहिलं, रागावू नकोस. तब्येत ठीक, शुगर गोळ्यांवर आहे.

परवा शेठ म्हणाले, "नवा पोरगा येतोय, तुमचं काम वहीत उतरवून ठेवा." जिनिंग मिलमधलं 27 वर्षांचं मुनिमाचं काम! रात्री जेवून बसलो आणि अडीच पानांत संपलं रे. काटापावती, ओलाव्याची कटती, हमाली, कापसाच्या 170 किलोच्या गाठींचं रजिस्टर. पुढं काही सुचेचना.

कापूस पारखणारे तात्या निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं, मिल अडेल. दुसऱ्या सकाळी जिन, म्हणजे सरकी वेगळी करणारं यंत्र, वेळेवर सुरू! रागच आला मला. मग गेल्या आठवड्यात एक ट्रॉली आली. वरच्या वर मीटर खुपसला, ओलावा 9 टक्के. घेतला माल. तात्या कोपरापर्यंत हात खाली घालायचे, मूठभर कापूस उपसून सरकी दाताखाली धरायचे. कट्‌कन फुटली तर वाळलेली, दबली तर ओली. या ट्रॉलीचं पोट ओलं होतं. चौथ्या दिवशी कापसाच्या गंजीत हात घातला तर तव्यावरच्या भाकरीसारखी गरम, रुई पिवळी. शेठ ओरडले, नुकसान मांडलं, आता पोरं चार ठिकाणी मीटर खुपसतात. झालं! तात्यांचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. तेच झोंबलं मला.

माझंही तसंच होणार. कुठल्या शेतकऱ्याच्या घरी लग्न आहे, कुणाला पैसे सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याआधी हवेत, हे कुठल्या पानावर लिहू? पोरगा हुशार आहे, दोन हंगामांत त्यालाही कळेल.

काकांच्या दहाव्याला मी आलो नव्हतो, मार्चएन्ड होता. तू भुसावळ स्टेशनात सगळ्यांसमोर विचारलंस, "तुझ्यावाचून मिल बंद पडणार होती?" मी वर्षभर अबोला धरला. ज्या माणसानं मला सायकल शिकवली, त्याच्या दहाव्याला मी गाठी मोजत बसलो होतो. माफ कर मला.

नातीचं बारसं कधी? वहिनींना नमस्कार. भरताची वांगी पाठवणार होतो, पण तुमच्या पुण्यात ती भाजायला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या कुठल्या? भाजूनच पाठवतो.

आणि एक खरं सांग. तू शेडमधलं काम सोडलंस, तेव्हा तुझ्या जागेवरच्या माणसाचा पहिला फोन किती दिवसांनी आला?

तुझाच,
मुनीम