चंद्रावरचा तो माणूस आर्मस्ट्राँग नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ जुलैच्या अंकात आपण चंद्रावर उभ्या असलेल्या अंतराळवीराचा तो प्रसिद्ध रंगीत फोटो अर्धे पान भरून छापलात. छपाई झकास उतरली होती. खाली ओळ मात्र ‘चंद्रावर नील आर्मस्ट्राँग’ अशी होती. फोटोतला माणूस आर्मस्ट्राँग नसून त्याच्याबरोबर चंद्रावर उतरलेला बझ ऑल्ड्रिन आहे. आर्मस्ट्राँगही त्या फोटोत आहे, पण त्याला शोधायला भिंग घ्यावे लागेल. ऑल्ड्रिनच्या शिरस्त्राणाच्या सोनेरी काचेत ‘ईगल’ यान, झेंडा आणि एवढासा पांढरा ठिपका दिसतो, तो ठिपका म्हणजे आर्मस्ट्राँग.

मी मिरजेत अडतीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला. लग्नाच्या अल्बममध्ये भटजी असतात, वाढपी असतात, मांडवात घुसलेले कुत्रेसुद्धा एखाद्या फोटोत सापडते. नसतो तो फक्त फोटोग्राफर. १९६९ साली चंद्रावर हेच झाले. यानाबाहेर वापरलेला हॅसलब्लाड कॅमेरा एकच होता आणि तो बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगकडे होता. त्यामुळे नाव घ्यावेत असे फोटो सगळे ऑल्ड्रिनचे. आर्मस्ट्राँग सापडतो तो यानाच्या सावलीत, पाठमोरा, काहीतरी काम करताना.

आणि तो कॅमेरा कसा, तर छातीवर अडकवलेला. डोळा लावायची सोय नाही, हातात फुगीर मोजे. अंग वळवायचे आणि अंदाजाने खटका दाबायचा. मूळ फ्रेम पाहिलीत तर ती तिरकी आहे आणि ऑल्ड्रिनच्या पाठीवरच्या अँटेनाचे टोक वर कापले गेले आहे. लोकांपर्यंत पोचलेल्या प्रतींत वर काळे आकाश जोडून ते सावरून घेतले. आमच्याकडे नवरदेवाच्या फेट्याचा तुरा असा कापला गेला असता, तर वरबापाने राहिलेले पैसे दिले नसते!

मूळ फोटोवर बारीक फुल्या असतात. आपल्या पानावर त्या कुणीतरी पुसलेल्या दिसतात. त्या डाग नव्हेत. फिल्मसमोरच्या काचेवर मोजमापासाठी कोरलेल्या त्या खुणा आहेत. नवीन मुलांना संगणकावर सगळेच साफ करायची खोड असते, म्हणून सांगतो.

शेजारच्या छोट्या चौकटीत बुटाचा ठसा आहे आणि खाली ‘आर्मस्ट्राँगचे पहिले पाऊल’. तेही चूक. तो ठसा ऑल्ड्रिनच्या बुटाचा, आणि त्याचा फोटोही ऑल्ड्रिननेच काढला. पायाच्या वजनाने चंद्रावरची माती कशी दबते, ते पाहायचे होते. पहिले पाऊल पडले तेव्हा आपल्याकडे २१ तारखेची सकाळ होती, साडेआठच्या सुमारास. टीव्हीच्या कॅमेऱ्याने तो क्षण कृष्णधवल, धूसर असा टिपला. तसल्या चित्राने पान सजत नाही हे मान्य, पण म्हणून दुसऱ्याचा बूट कशाला?

श्रेयाचा हा घोळ एकट्या आपला नाही. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा रंगीत फोटो विल्यम अँडर्सने काढला, पण बरीच वर्षे तो कमांडर फ्रँक बोरमनच्या नावावर खपत होता. यानातल्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा घाईने रंगीत रोल मागणारा आवाज अँडर्सचा निघाला.

आपण फोटोच्या कोपऱ्यात ‘छायाचित्र : इंटरनेट’ असे छापले आहे. इंटरनेट चंद्रावर गेले नव्हते. पुढच्या जुलैत हाच फोटो घ्याल, तेव्हा खाली ऑल्ड्रिनचे नाव आणि कोपऱ्यात ‘छायाचित्र : नील आर्मस्ट्राँग’ एवढे छापावे, ही विनंती. जागा काही जास्त लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त स्टुडिओवाला, मिरज