करणपुऱ्याची माहिती, आणि आणखी थोडं

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

सईला शाळेत आपल्या मूळ मोहल्ल्याची माहिती लिहून न्यायचीय, असं पूजा म्हणाली. बोलता बोलता तुझ्या बीपीचंही निघालं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. पण त्यावर मी काही लिहिणार नाही, सईपुरतंच लिहिते.

करणपुरा हे नाव बिकानेरचे राजे करणसिंह यांच्यावरून पडलं. औरंगजेबाच्या फौजेबरोबर ते दख्खनेत आले आणि 1669 साली इथंच वारले. शेजारचा पदमपुरा त्यांच्या लेकाचा, पदमसिंहाचा. (ते बापलेक बघ, अजून शेजारी राहतात.) जयसिंगपुरा, भावसिंगपुरा हेही रजपूत सरदारांच्याच नावाचे. गोळी सकाळी घेतोस की रात्री? वेळ चुकवू नये.

शहराचं नाव किती वेळा बदललं! मलिक अंबरनं 1610 मध्ये राजधानी केली तेव्हा खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. पुऱ्यांना कुणी हात लावला नाही. रिक्षावाल्याला नुसतं 'करणपुरा' म्हटलं की तो बरोबर देवीपाशी आणून सोडतो.

देवीचंही लिही म्हणावं. नवरात्रात पहाटे पंचवटी चौकापासूनच अनवाणी बायांची रांग लागते. तू पाच वर्षांचा असताना रहाटपाळण्यात बसायचा हट्ट केलास आणि वर गेल्यावर भोकाड पसरलंस. अण्णांनी खालून हात हलवून हलवून पाळणा थांबवायला लावला. माणूस तुझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. त्यांनाही चाळिशीच्या आतच बीपीची गोळी सुरू झाली होती. 'मला काय होतंय' म्हणून मध्येच सोडून द्यायचे. पुढचं तुला माहीत आहे.

रात्री अकराला जेवायचं, त्यावर लॅपटॉप, बाहेरचं तिखट-मीठ... हे काय जगणं झालं? पगार वाढला म्हणून तब्येत वाढत नाही. राहू दे, रागावले वाटतं. एवढ्या मोठ्या कंपनीत नाव काढलंस, हे अख्ख्या गल्लीला मीच सांगत असते.

पार्सलमध्ये येसर आहे, कुरडया आहेत. लोणचं यंदा घातलेलं नाही. सईला माहिती आवडली का ते कळव, आणि डॉक्टरांच्या कागदाचा फोटो पाठव. पूजाला नको सांगूस, तूच पाठव.

तुझी,
आई