माठ रिकामा की तोटी बंद?

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला गेलं की तू "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलतेस. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथे तुला मधेच तोडता येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात माझे दोन महिने एकाच आलेखापायी गेले होते. एका ताटलीत साध्या हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी), दुसरीत बीसीएल-२ हे पेशीला मरणापासून वाचवणारं प्रथिन जास्त बनवणाऱ्या. फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग पेशींत भरायचा, अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आलटून पालटून टाकायचा, वरून एटीपीचा, म्हणजे पेशीला आतलं कॅल्शियम सोडायला लावणाऱ्या रसायनाचा, थेंब सोडायचा आणि कॅल्शियमची रेघ बघत बसायचं. बीसीएल-२ने ती रेघ दबायला हवी होती. माझ्याकडे मात्र दोन्ही रेघा चढायच्या आणि वरच रेंगाळायच्या. फरक सोमवारी दिसे, गुरुवारी नाहीसा होई.

तू दुसऱ्या लॅबची. सहज डोकावलीस, आलेखाकडे पाहिलंही नाहीस, बाटली उचललीस. "पेशी ज्यात ठेवतोस त्या या द्रावणात, बफरमध्ये, कॅल्शियम आहे ना? मग वर आलेलं कॅल्शियम घरातलं की बाहेरचं, ते तुला कसं कळणार?"

लाज वाटली. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्या द्रवाच्या दहा हजार पट असतं, हे मी सेमिनारमध्ये छातीठोकपणे सांगत होतो. आतलं कोठार रिकामं होऊ लागलं की पेशी बाहेरचा दरवाजा उघडते, हेही पाठ होतं. तू सिडनी रिंगर या ब्रिटिश डॉक्टरचं सांगितलंस, तेव्हा कुठे जरा सावरलो. त्याची बेडकाची हृदयं लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात छान धडधडत होती आणि शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणात थांबली, कारण कॅल्शियम नळाच्या पाण्यातलं होतं. १८८३ साली त्यालाही आपलंच म्हणणं दुरुस्त करावं लागलं होतं.

बफर बदललं, बाहेरचं कॅल्शियम बांधून टाकणारं ईजीटीए घातलं, आणि बीसीएल-२ची रेघ खरंच बुटकी आली. मी उड्या मारायच्या बेतात होतो. तू चहाचा कप ठेवत म्हणालीस, "थांब. माठ रिकामा की तोटी बंद?"

या एका वाक्यासाठी खरं तर हे पत्र आहे. रेघ बुटकी असण्याची कारणं दोन: एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, म्हणजे पेशीतल्या त्या कोठाराच्या, माठात मुळात कॅल्शियमच कमी, किंवा माठ भरलेला पण आयपी३ रिसेप्टरची, म्हणजे त्यातून कॅल्शियम बाहेर सोडणाऱ्या प्रथिनाची, तोटी बीसीएल-२ने आवळलेली. २००० साली दोन गटांनी बीसीएल-२ असताना माठ कमी भरलेला असल्याचं दाखवलं. २००४ मध्ये क्लीव्हलँडच्या डिस्टेलहॉर्स्ट यांच्या गटाने तोटीकडे बोट दाखवलं. एवढा जुना वाद माझ्या ताटलीत बसलाय, याचा मला पत्ताच नव्हता. मी बीसीएल-२ला फक्त मायटोकॉन्ड्रियाचा, पेशीच्या ऊर्जाघराचा, पहारेकरी समजत होतो. शेजारच्या माठातून ठिबकणारं कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियाला कामाला लावतं आणि तेच लोटलं तर पेशीला मारतं, म्हणून हे प्रथिन तोटीवरही बसतं, हे तू ताटली धुता धुता समजावलंस. त्याचाच भाऊ बीसीएल-एक्सएल तोटी थोडी सैल करूनही पेशी जगवतो, हे ऐकून तर मी वैतागलोच. एकाच घराण्यात इतके वेगळे स्वभाव!

माठ मोजायचा तर थॅप्सिगार्गिन हे रसायन हवं. ते कॅल्शियम परत माठात भरणारा पंप बंद पाडतं, मग माठातलं सगळं हळूहळू गळून बाहेर येतं. आमच्याकडचं संपलेलं. तू तुझ्या फ्रीझरमधली नळी बर्फाच्या डब्यात घालून, भर पावसात, स्वतः घेऊन आलीस.

दोन्ही ताटल्यांमध्ये माठ सारखेच भरलेले निघाले. निदान माझ्या पेशींत तरी तोटीच. तीनदा करून पाहिलं, गुरुवारीसुद्धा.

तुझी ती नळी अजून माझ्याकडेच आहे, तळाशी जेमतेम थोडं उरलंय. नवीन मागवली आहे. आली की आणून देतो, आणि हो, जेवलोय.

तुझा,
शेजारच्या लॅबमधला