ऐरोलीच्या नाखवाकाकांस

काका, नमस्कार.

फेब्रुवारीत तुमच्या होडीत सगळ्यात मागे बसलेली, कोणाशी न बोलणारी बाई म्हणजे मी. तुम्हाला आठवत नसेन. भरतीची वेळ गाठून रोज कितीतरी माणसं फ्लेमिंगो बघायला येतात.

मीही खरं तर भाचीच्या हट्टापायी आले होते. आई जाऊन चार महिने झाले होते. जिने जन्मभर दिवाबत्ती चुकवली नाही, तिला तीन महिने झिजवून नेलं, म्हणून मी देवघराला कुलूप घातलं होतं. कोणी देवाचं नाव काढलं तरी उठून जायचे.

तुम्ही तिवरांपाशी इंजिन बंद केलंत. एक फांदी न तोडता होडीकडे ओढलीत आणि म्हणालात, "पान चाटून बघ, बाय." किळस आली, खोटं कशाला बोलू? त्या पाण्यात सांडपाणी येतं, मुळांत कोणाची तरी चप्पल अडकलेली. तरी चाटलं. खारट! बारीक रवा जिभेवर यावा तसं मीठ. मुळं बरंचसं मीठ अडवतात आणि आत शिरलेलं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं, हे तुम्ही सांगितलंत. चिखलातून वर आलेले खुंट दाखवून म्हणालात, "ही त्याची नाकं. चिखलात हवा नाय, मग वर काढतो."

२०१५ साली ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं, हे भाचीने फलकावर वाचून दाखवलं. मी मात्र त्या नाकांकडेच बघत होते. पलीकडे ऐरोली पुलावर गाड्यांची रांग, अलीकडे मान उलटी करून चिखल गाळणारे शेकडो गुलाबी पक्षी, त्यांची ती बदकांसारखी कुरबुर. माझे हात कधी जोडले गेले, कळलंच नाही. आईसाठी रडले तेही तिथेच, पहिल्यांदा. तुम्ही पाहिलंत, पण विचारलं काहीच नाही. उलट इंजिन उशिरा सुरू केलंत. बाकीचे कुरकुरले, तरीही. त्यासाठी हे पत्र.

आईचं कशामुळे तसं झालं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. कुलूप मात्र गेल्या गुरुवारी काढलं. समई काळी पडलीय, चिंच लावून ठेवलीय.

नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन येते. खाडीला कसा द्यायचा, ते तुम्हीच दाखवा.

तुमची,
मागे बसलेली बाय